जिन्यावरची हाक

समोरच्या श्रेयाने कॉलेजात काय घेतलंय, हे तिने मला दरवर्षी नव्याने समजावून सांगितलं आणि दरवर्षी मी चिडलेच. "बीए की बीएस्सी?" या साध्या प्रश्नाला "दोन्ही, मावशी" हे काय उत्तर झालं? फिजिक्स आणि हिस्ट्री, एकाच डिग्रीत. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी इतिहास. मी म्हटलं, "दोन डगरींवर पाय ठेवून मधेच पडशील हां, चेडवा." त्यावर ती हसली. मुलगी फारशी हसत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

मी सुचित्रा. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांच्या समोरच्या खोलीत माझा सगळा संसार झाला, आणि आता नव्या टॉवरच्या सोडतीतही आमची दारं समोरासमोर आली. मी सावंतवाडीकडची, ते बौद्ध. पण माझ्या लेकीच्या लग्नात पुऱ्या श्रेयाच्या आईने, वैशालीने लाटल्या, आणि चौदा एप्रिलची खीर कितीदा माझ्याच गॅसवर शिजली. तेव्हा त्यांच्या घरात नाक खुपसायचा हक्क मला आहे, कुणी काही म्हणो.

चाळीत बेल कुणाच्याच दाराला नव्हती. मधे लांबच लांब अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि बोळातच बायकांची निवडटिपण, केस विंचरणं, पोरांचा अभ्यास. म्हणून घरी येणारा पुरुष जिना चढून वर आला की तिथूनच हाक मारायचा. बायका पदर सावरून पाय आवरून घ्यायच्या आणि तो दाराशी पोचेस्तोवर घरातून कडी निघालेली असायची. श्रेयाचे पप्पा गौतम परळला एका छापखान्यात होते. ते दोनदा हाक मारायचे. पहिली जिन्याच्या तोंडाशी, मोठ्याने, "वैशाली!" आणि दुसरी अर्ध्या बोळात, हळू, फक्त तिच्यासाठी असल्यासारखी. वैशाली दुसऱ्या हाकेलाच कडी काढायची. आम्ही तिला यावरून खूप चिडवलं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात गौतमना गाडीतून नेलं. वैशाली आणि पोर खोलीत कोंडलेल्या. ते गेल्याचा निरोप फोनवर आला. तोंड कुणी पाहिलं नाही, खांदा कुणी दिला नाही. मागे राहिला तो त्यांनी वॉर्डातून पाठवलेला शेवटचा व्हॉइस मेसेज. "वैशाली! कडी लावून झोप. जागत बसू नको. मी आलो की हाक मारीन."

त्या दिवसापासून वैशालीने दाराला कडी लावली नाही.

चाळीत ते खपून गेलं. टॉवरचं दार मात्र ढकललं की आपोआप लॉक होतं. मग तिने फटीत स्वतःची चप्पल अडकवायला सुरुवात केली. रात्रंदिवस. सोसायटीवाले बोलले, वॉचमन बोलला, मी तर रोज बोलले. "काय गो, कित्याक ही चप्पल? चोर शिरलो तर?" ती चप्पल आणखी आत सरकवायची. आणि संध्याकाळ झाली की पलीकडे, आमच्या रिकाम्या चाळीत जाऊन तिसऱ्या मजल्यावर आपल्या जुन्या दाराशी बसायची. पत्रे ठोकलेले, लाइट तोडलेली. श्रेया कॉलेजातून दमून यायची आणि आधी आईला तिथून उठवून आणायची. चाळ पाडायची नोटीस लागली तेव्हा वैशाली मला म्हणाली, "ताई, चाळ पाडल्यावर ते हाक कुठून मारतील हो?" मला रडू आलं, आणि मला रडू आलं की माझा आवाज चढतो. मी तिला फाडफाड बोलले.

श्रेयाला हे सगळं असह्य झालं होतं. तिला एवढंच हवं होतं, की आईने एकदा दार लावून घ्यावं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तिने या चाळीवरच घेतलं, ते काही उगाच नाही. हिस्ट्रीसाठी जुन्या लोकांना विचारायचं, तुमच्याकडे कोण कशी हाक मारायचं. आणि फिजिक्ससाठी बोळाचा घुमारा मोजायचा. एक मोठा फुगा फोडायचा, त्याचा आवाज भिंतींवर आपटत कसा विरतो ते माइकवर घ्यायचं. मग कॉम्प्युटरवर कुठलाही आवाज त्यात घातला, की तो त्या बोळातून आल्यासारखा ऐकू येतो. चाळ पडली तरी बोळ राहतो, असं ती म्हणाली.

फुगे लालबागच्या डेकोरेशनच्या दुकानातून आणले. फोडायला मी गेले, कारण हिला दुसरं आहे कोण? वॉचमन म्हणाला, "क्या माताजी, किसका बड्डे है?" मी म्हटलं, "तेरे बाप का." श्रेया माइक घेऊन त्यांच्या जुन्या दाराशी उभी राहिली आणि मी जिन्याच्या तोंडाशी, बरोब्बर गौतम उभे राहायचे तिथे, ब्लाउजची पिन काढून फुगा फोडला. तो आवाज त्या रिकाम्या बोळात असा फिरला, की मी वळून जिन्याकडे पाहिलं. अर्ध्या बोळात जाऊनही एक फोडायचा होता, पण मी म्हटलं मला नाही जमायचं, आणि आम्ही निघून आलो.

थोड्या दिवसांनी श्रेयाने मला बोलावलं. "आई विहारात गेलीय. मावशी, तुम्हीच ऐका आणि सांगा, चाळीसारखं वाटतंय का." आतल्या खोलीत तिने स्पीकर लावला. पप्पांच्या मेसेजमधला पहिला शब्द तेवढा कापून तिने त्या घुमाऱ्यात घातला होता.

"वैशाली!"

गौतम जिना चढून आले होते. दुसरं काय सांगू? माझा हात आपसूक पदराकडे गेला आणि मी पाय आवरून घेतले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आले, आले!"

वैशाली घरात होती. दार उघडंच असायचं, त्यामुळे ती विहारातून कधी परतली ते आम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही बाहेर धावलो. ती ओल्या हातांनी दार सताड उघडून उभी होती आणि लिफ्टच्या दिशेने बघत होती. बाहेर कुणी नव्हतं. श्रेया पांढरीफटक पडली. "आई, ते मी... ते कॉम्प्युटरवर..."

वैशालीने ऐकलं की नाही, कोण जाणे. ती वाकली, फटीतली चप्पल उचलून रॅकवर ठेवली आणि दार ढकललं. लॉक लागल्याचा खट्ट आवाज झाला. मग वरची कडीही तिने लावली.

"आले होते ते," ती म्हणाली. "दोनदा हाक मारली, नेहमीसारखी." आणि तिने चहा टाकला.

त्यानंतर ती पलीकडे बसायला गेली नाही. चाळ पाडली, त्या दिवशी तिने धुळीपायी खिडक्या बंद केल्या आणि दुपारची झोपली. मी खूश. म्हटलं, पोरीने दोन डगरींवर पाय ठेवून आईला पार नेलं.

पण श्रेया माझ्याकडे आली, ती वेगळ्याच चेहऱ्याने. "मावशी, मी एकदाच वाजवलं ना?"

"एकदाच."

"तुम्ही किती ऐकल्या?"

"एकच गो. देवाशपथ."

तिने पुन्हा पुन्हा तपासलं होतं. फाइलमध्ये हाक एकच. अर्ध्या बोळातला फुगा तर आम्ही फोडलाच नव्हता. फिजिक्सचे सर म्हणाले, मनाचे खेळ, रिपोर्टात एक लिही. हिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, आई दोन म्हणते तर दोनच लिही, तिचं ऐकणं तू कोण दुरुस्त करणार. श्रेयाने दोन्ही लिहिलं, एकेका भागात एकेक. मार्क चांगले पडले. मी पेढे वाटले, दोन्ही डिग्र्यांचे मिळून.

पेढा हातात घेऊन ती मात्र म्हणाली, "मावशी, पप्पा माझं नाव घ्यायचे ते कुठेच नाही. मोबाईलमध्ये नाही, मेसेजमध्ये नाही. मी सगळीकडे शोधलं. आईला दोन हाका आल्या. मला एकसुद्धा नाही."

मी आणखी एक पेढा तिच्या हातावर ठेवला.

काल सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरचं दार किलकिलं. माझी सटकलीच. वैशालीला शिव्या द्यायला पुढे झाले आणि खाली पाहिलं. तिची चप्पल रॅकवर होती. फटीत श्रेयाची कॉलेजची सँडल होती, पट्टा तुटत आलेली. घरात दोघी झोपल्या होत्या.

सँडल जरा तिरकी झाली होती, वाऱ्याने दार लागलं असतं. मी वाकले आणि ती नीट सरळ करून ठेवली.