मावशी आणि चार सेकंद

माझ्या धाकट्या मावशीने मला आजवर जितके धक्के दिले आहेत, तितके उघड्या वायरीनेही कुणाला दिले नसतील. बाकीच्यांच्या मावश्या अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांना तेल चोळतात, गुरुवारचे उपास धरतात आणि भाच्यांना डिंकाचे लाडू पाठवतात. माझी मावशी बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करते. बोरीवलीच्या आमच्या गल्लीत सात सोसायट्या आहेत. त्यातल्या कुणाचाही कॉम्प्युटर सकाळी उठेनासा झाला, की दुकानवाल्याच्या आधी मावशीला फोन जातो. ती येते, पदर खोचते, जमिनीवर फतकल मारून बसते आणि कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण अशा आवेशात ओढून काढते, की घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या तोंडून चक्क किंकाळी फुटली होती. कॉम्प्युटर माझा होता, नवाकोरा होता, आणि बंद पडून त्याला जेमतेम अर्धा तास झाला होता.

"बोंबलतंस कित्याक?" मावशी म्हणाली. "पोटात काय झाला ता बघल्याशिवाय औषध देतत काय?"

ही विद्या तिने कुठल्या क्लासात मिळवलेली नाही. लग्न होऊन ती मालवणहून मुंबईला आली आणि अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागली. तिथे तीस वर्षं तिने सोल्डरिंग केलं. हिरव्या बोर्डांवर शिशाचे ठिपके देता देता कुठला ठिपका काय काम करतो हे तिने शेजारच्या बाकावरच्या इंजिनिअरला विचारून विचारून त्याचा जीव नकोसा करून माहीत करून घेतलं. इंजिनिअर बिचारा दोन वर्षांत नोकरी सोडून गेला. मावशी मात्र निवृत्त होईपर्यंत टिकली, आणि निवृत्तीनंतर तिच्या हाताला जी खाज सुटली ती आमच्या गल्लीने भागवली.

तिची हत्यारं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. एक स्क्रूड्रायव्हर, एक रंग द्यायचा ब्रश आणि एक खोडरबर. खोडरबर पाहिलं की नवख्या माणसाच्या चेहऱ्यावर चिंता दिसू लागते. मावशी कॅबिनेटमधून रॅमची पट्टी उपटते, तिची सोनेरी दातरी खोडरबराने खसाखसा घासते, फुंकर मारते आणि पुन्हा खोचते. दहातले सहा कॉम्प्युटर एवढ्यावर उठून बसतात. एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या घरी तिने हा प्रयोग केला तेव्हा तो गृहस्थ सोफ्यावर मटकन बसला. चार वर्षं शिकला, पण कॉलेजात त्याला खोडरबराबद्दल कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं म्हणे.

झाकण उघडण्याआधी मावशी बांगड्या काढून ठेवते आणि खिडकीच्या ग्रिलला हात लावते. एकटी नाही, घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्यांना लावायला लावते. "अंगातली वीज उतरवा आधी, नायतर बोर्डाची वाट लागात," असं तिचं म्हणणं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांना हे कारण नीट कळलं नसावं. त्यांनी भक्तिभावाने ग्रिलला हात लावून तो कपाळाला लावला. त्यांचा कॉम्प्युटर चालू झाला, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी दुकानात जाण्यापूर्वी ग्रिलच्या पाया पडतात. मावशीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "पडू दे. लोखंड चांगला हा."

पण तिचं खरं कौतुक करायचं ते उलटतपासणीसाठी. कॉम्प्युटर आपणहून बंद पडतो यावर तिचा विश्वासच नाही. "कोणी हात लावल्यान?" हा तिचा पहिला प्रश्न. कुणीच नाही, असं उत्तर आलं की दुसरा प्रश्न, "मग खोटा कोण बोलता?" समोरच्या सोसायटीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांचा कॉम्प्युटर तीन दिवस ढिम्म पडून होता. मास्तरांनी कुणीही हात न लावल्याची शपथ घेतली. मावशीने कॅबिनेटला हातसुद्धा न लावता नुसती वायर धरली आणि वायरीमागून रांगत रांगत ती कपाटाच्या पाठीमागे गेली. तिथे सॉकेटमध्ये डास मारायचं मशीन होतं, आणि कॉम्प्युटरची पिन बाजूला लोळत होती. मास्तरीणबाईंनी चहा आणायचं निमित्त करून स्वयंपाकघर गाठलं. "गुरुजी, तुमचो कॉम्प्युटर ठणठणीत हा," मावशी कपाटामागूनच म्हणाली, "डासांका मात्र बरा वाटत नसतला."

अशा या मावशीचं मला जे अभय होतं, त्याच्या जोरावर मी नको तितका बेफिकीर झालो होतो. माझा धंदा डीटीपीचा. घरातल्या एका खोलीत बसून मी पुस्तकांची आणि पत्रिकांची पानं लावतो, आणि वर्षातून एकदा एका दिवाळी अंकाची. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या अंकाची एकशे ऐंशी पानं लावून झाली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती छपाईला जायची होती. सगळं काम त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं. पेनड्राइव्हवर प्रत घ्यायला हवी हे मला कळत होतं, पण सण होऊन जाऊ दे, मग घेऊ, असं मी ठरवलं. आळशाला सण पावतो, पण तेवढ्यापुरताच.

दसऱ्याला मावशी जेवायला आली. आमच्याकडे शस्त्रपूजनाला शस्त्र म्हणजे बायकोची विळी, माझी इस्त्री आणि कॉम्प्युटर. पूजा दर वर्षी मावशीच करते. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याचं पान, सगळ्यांना हळदकुंकू आणि वरून सढळ हाताने अक्षता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून कामाला बसलो आणि बटण दाबलं. बोटाला कुंकू लागलं. सणाचं कुंकू पुसू नये म्हणून मी ते तसंच राहू दिलं आणि बोट शर्टाला पुसलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि चार सेकंदांत सगळं गप्प.

पुन्हा बटण दाबलं. काही नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून लावला, पुन्हा दाबलं. पंखा, दिवा, चार सेकंद, गप्प. मी तेच आणखी आठ-दहा वेळा केलं, कारण घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, मावशींना फोन करा ना, नुसते काय दाबत बसलाय!" तेवढ्यात संपादकांचा फोन आला. शेवटचं एक पान बदलायचं होतं. मी हो म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मावशी आली. मी घडलेलं सांगितलं तशी ती ओरडली, "आता बोट लावू नको! असो झटके देत रवलंस तर डिस्क मरात, मग तुझी पानां गेली!" मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तिने बांगड्या काढल्या, ग्रिलला हात लावला, झाकण ओढलं आणि तीच दचकली. वरच्या जाळीतून आत बोर्डावर तांदूळ सांडलेले, पंख्यात झेंडूच्या पाकळ्या.

"ह्या काय? भात शिजत घातलंस?" ती म्हणाली. अक्षता तिने ब्रशने झाडल्या, पाकळ्या वेचल्या. तिला हायसं वाटलेलं दिसलं, आणि ते पाहून माझ्याही जिवात जीव आला. पण स्विच लावल्यावर तेच. चार सेकंद. मग रॅम काढून खोडरबर झालं. चार सेकंद. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. चार सेकंद. दीड तास गेला. संपादकांचे आणखी दोन फोन येऊन गेले. मावशीच्या ओठावर घाम जमला होता. तिला मी असं कधीच पाहिलं नव्हतं. एकशे ऐंशी पानांच्या काळजीत तिचीही काळजी मिसळली आणि मला काही सुचेना.

मग ती थांबली. डोळे मिटून तिने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूवरून सावकाश बोटं फिरवली. चालू करायच्या बटणावर बोट थांबलं. तिने ते दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"ह्या वर येत नाय," ती म्हणाली. "बटण आत अडाकला हा. चार सेकंद दाबून धरलंस तर कॉम्प्युटर बंदच होतलो, तसो तो होता." तिने बोट नाकाशी नेऊन वास घेतला. "कुंकू! पाणी घालून कालवलेला कुंकू फटीत जाऊन सुकला हा. बटणावर कुंकू लावणारो शाणो कोण?"

बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे. काळ्या कॅबिनेटवर, काळ्या बटणाच्या अगदी मधोमध, अंगठ्याचा लालभडक ठसा उमटला होता, आणि वर पुन्हा माझ्या बोटाने तो आत ठासला होता.

"मीच," मी म्हणालो.

"तू तेव्हा आणखी आपटो आणूक बाजारात गेल्लंस," मावशी म्हणाली. आणि मग फार हळू, "पूजा मी केलंय."

कारखान्यात केसाएवढी भेग भिंगाशिवाय शोधणारी बाई, म्हणून तिला मॅनेजर लोक पाहुण्यांना दाखवायला बोलवत. तिला बोटाएवढं बटण दिसलं नव्हतं.

"माका वाटला, कंपनीचा काय तरी गोल चिन्ह आसात," ती म्हणाली. "बरा दिसात कुंकू, म्हणून लावलंय."

पण ती बसून राहिली नाही. बटणाच्या दोन वायरी तिने चाचपडत बोर्डावरच्या दोन बारीक सुयांवरून सोडवल्या. "आता ही दोन टोकां स्क्रूड्रायव्हरान एकदाच टेकवूची, की तो चालू होतलो," असं म्हणून ती वाकली. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन सुयांच्या आजूबाजूला फिरत राहिलं. एकदा डावीकडे, एकदा फार वर. मग तिने तो माझ्या हातात दिला. "तूच कर."

मी बल्ब बदलतानाही बायकोला खुर्ची धरायला लावतो. "काय एक होवचा नाय," मावशी म्हणाली आणि तिने माझं मनगट धरलं. मी टेकवलं. पंखा फिरला. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. पडद्यावर रंग आले. अंकाचं फोल्डर जागच्या जागी होतं. मी लहान मुलासारखा रडलो, बायकोने पेनड्राइव्ह शोधून आणला, आणि अंक ठरल्या दिवशी छपाईला गेला.

मावशीला मात्र आम्ही त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, असं मी वाटेत तिला तीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. थेंब घालायचे, म्हणजे उरलंय ते टिकेल. गेलं ते परत येत नाही. मला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर जो धक्का बसला, तसा आजवर कुठल्याही बंद कॉम्प्युटरने दिला नव्हता. मावशीने फक्त विचारलं, "थेंब दिवसातून कितीदा?"

आता बोलावणं आलं की आम्ही दोघं जातो. ती खुर्चीवर बसते, मी जमिनीवर. मी दिसेल ते सांगत जातो आणि ती हुकूम सोडते. डावीकडची पांढरी वायर म्हटलं तर म्हणते, "ती नाय, तिच्या पाठची." आणि नेमकी तीच निघते. सगळा बोर्ड तिला तोंडपाठ आहे. मला तिचं पूर्वीपेक्षा जास्त आश्चर्य वाटतं, आणि पूर्वीपेक्षा जास्त भीतीही वाटते.

परवा हेडमास्तरांकडे गेलो होतो. भर दुपारचे बारा वाजले होते, खिडकीतून आलेलं ऊन थेट कॅबिनेटमध्ये पडलं होतं, एकेक स्क्रू चमकत होता. मावशी सवयीने वाकून आत बघायला लागली, जरा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "आज उजेड कमी हा काय रे?"

मास्तर काही बोलणार होते, मी त्यांना हाताने थांबवलं.

"हो गं मावशी," मी म्हणालो, "ढग आलेत." आणि उठून ट्यूबलाइट लावली.