ट्रॅक्टरमागची मांजरं

आमच्या घरात काहीही बिघडलं की ते माझ्यापुढे आणून ठेवतात. शिलाईचं मशीन, कंदील, एकदा तर शेजाऱ्यांचा न आरवणारा कोंबडा. का, तर मी ठाण्याला कारखान्यात आहे. कारखान्यात मी फाटकाशी बसून हजेरी लावतो, यंत्राला माझं बोटही लागत नाही, हे सांगून सांगून मी दमलो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

त्यामुळे कोलशेतला आमच्या शेतावरचा ट्रॅक्टर रडायला लागला तेव्हा वैद्य मीच.

रडायला म्हणजे खरोखर रडायला. मागच्या चाकांच्या मधून एक लांब कण्हणं, आणि मध्येच कुणी सुपारी फोडावी तसा खडखडाट. ट्रॅक्टर महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातला, आला तेव्हाच म्हातारा. बाबांनी तो मोठ्या काकांशी भांडून आणला होता. बाबांचे गुडघे मिठागराने खाल्लेले. बैलांमागे शेताच्या टोकापर्यंत गेले की बांधावर बसावं लागायचं. ट्रॅक्टरवर मात्र बसूनच काम, म्हणून आपलं शेत आपण नांगरायचे. तो गेला असता तर शेत काकांची पोरं नांगरणार आणि बाबा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कुठं निघालास’ विचारणार.

रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते, नांगरट अर्धीच झाली होती. काका आले, बांधावर उभं राहून आवाज ऐकला.

“आरं, याची हाडां मोडलीत. रविवारी कल्याणचा भंगारवाला येतोय. मी सांगून ठेवलाय त्याला.”

बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मग रोज पहिली पाळी सुटली की भर उन्हात घरी येऊन मी ट्रॅक्टरखाली आडवा. आमच्या कारखान्यातले फिटर काठीचं एक टोक यंत्राला लावतात आणि दुसरं कानाला, हे मी लांबून पाहिलं होतं. मीही काठी लावली. पहिल्या दिवशी मला फक्त माझ्या पोटातली भूक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तिथेच डोळा लागला. बाबांना वाटलं मी एकाग्र झालोय, ते कुणाला जवळ येऊ देईनात.

तरी काही गोष्टी कळत गेल्या. क्लच दाबला तरी आवाज येतच होता. उतारावर इंजिन बंद करून, गिअर काढून ट्रॅक्टर नुसता सोडला, तरी तो कण्हत कण्हत खाली गेला. म्हणजे इंजिन निर्दोष, दुखणं मागच्या चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या पेटीत. पण सकाळी बाबा चालू करत तेव्हा अगदी गप्प. दोन-चार फेऱ्या मारून तापला की सुरू. तापल्यावरच का, तिथे माझी अक्कल संपली. शनिवार उजाडला होता.

दुपारी बायको भाकरी घेऊन आली. ती कळव्याची, फार बोलत नाही, पण बोलते ते लागतं.

“अहो, ही मांजरं कशाला मागे लागलीत?”

खरंच, ट्रॅक्टरमागे गावची सात-आठ मांजरं ओळीने बसली होती.

“मांजरांचं मला काय विचारतेस?”

“तुम्हाला नाही विचारलं. तुम्हाला कळायचं असतं तर सोमवारीच कळलं असतं.” ती वाकली, नाकाला पदर लावला. “मुशी माशाचा वास येतोय.”

मी पेटीखालचा बूच सोडला. जाड वंगणाच्या जागी पाण्यासारखं पातळ, तांबूस तेल माझ्या मनगटावरून थेट बगलेत गेलं. मांजरं उठून उभी राहिली.

“बाबा, यात काय घातलंत?”

“मुशीचं तेल.” बाबांचा चेहरा अगदी स्वच्छ. “आपल्या होडीला दर उन्हाळ्यात पाजतो, तसंच याला पण पाजलं. जुनं काढून. होडी बघ, अजून कशी हाय.”

“मला बोलला का नाहीत?”

“तू इचारलास कवा? तू खाली झोपलेला.”

होडीचं लाकूड ते तेल पिऊन वर्षानुवर्षं टिकतं. लोखंडाच्या दातांमध्ये ते तापून पाणी झालं आणि दात एकमेकांवर कोरडे घासत राहिले. बाबांनी ट्रॅक्टरवर जी माया केली ती होडीची होती, एवढंच.

संध्याकाळपर्यंत पेटी रॉकेलने धुतली, ठाण्याहून खरं वंगण आणून भरलं. पण दात झिजायचे ते झिजले होते. कण्हणं गेलं, बारीक खडखड राहिली.

रविवारी काका भंगारवाल्याला घेऊन हजर. बाबा आधीच ट्रॅक्टरवर चढून बसले होते. तापेपर्यंत चालवला. काकांनी कान दिला.

“आवाज हाय अजून.”

“तुझ्या गुडघ्याचा पण येतो,” बाबा वरूनच म्हणाले. “तुला घातला का भंगारात?”

भंगारवाला हसला, आधी तो, मग नाइलाजाने काका. “त्याला चहा दे गो,” काका माझ्या बायकोला म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

मी आंघोळ केली, पुन्हा केली. मांजरं आता माझ्यामागे होती. त्यानंतर दर उन्हाळ्यात वंगण मीच बदलतो, आणि दर उन्हाळ्यात खडखड थोडी वाढलेली असते. जेवायला बसलो की शेतावरून ती ऐकू येते. थांबली की माझा घास हातात राहतो, आणि मी वाट बघतो, बाबा वळण घेऊन परत कधी येतात त्याची.