धुरपताबाईची हाळी

धुरपताबाईनं हाळी दिली की धरणाच्या फुगवट्यापलीकडची मेंढरं माना वर करत आणि अलीकडची माणसं कानांवर हात ठेवत. असला आवाज! मंगलाष्टकं म्हणायला तिला आजवर कुणी बोलावलं नाही, पण मेंढरू चुकलं, जत्रेत पोर हरवलं, की गावाला पहिली आठवण तिची. नवरा सिदू म्हणायचा, "हिला ग्रामपंचायतीनं पगार द्यावा, भोंग्याची लाईट वाचंल." सिदू गेला. आवाज काही कमी झाला नाही.

तो आवाज एकदाच बसला होता. तिचा एकुलता एक लेक कुमार फौजेत ट्रक चालवायचा. बर्फातल्या चौक्यांना पीठ, तेल, रॉकेल पोचवणं हे त्याचं काम. एका वळणावर रस्ता खचला आणि ट्रक दरीत गेला. कुमार तिरंग्यात घरी आला, तेव्हा सगळं गाव रडलं आणि धुरपताबाईच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

पुढं गावात शहीद स्मारक बांधायचं ठरलं. समितीचे म्होरके शंभुलिंग सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस सरळ. पण इतका सरळ, की वाकवायला जावं तर मोडायचा. पलटणींची जुनी दप्तरं आता संगणकावर चढवलेली आहेत, परमुलखातल्या स्मारकांचे फोटोही घरबसल्या दिसतात, हे कळल्यापासून सुभेदारांनी मोबाइल खाली ठेवला नव्हता. निजामाच्या अमदानीत रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, भरती होऊन पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पंचाक्षरीचं नाव त्यांनी थेट इराकातल्या एका स्मारकावर हुडकलं. गावानं पेढे वाटले. कुमारचंही पान सापडलं. पण त्यात लिहिलं होतं, 'कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू.' समितीचा नियम ठरला होता, दगडावर फक्त लढाईत पडलेल्यांची नावं. कुमार वगळला गेला.

हे कळलं त्याच आठवड्यात सुभेदार धुरपताबाईच्या दारात आले, आणि आले ते काहीतरी मागायला! तिच्या रानाच्या बांधावर एक जुना वीरगळ होता. खाली गाईंची रांग, मधे दांडकं उगारलेला गडी, वर महादेवाची पिंड. असल्या दगडांचे फोटो काढून संगणकावर चढवणारी मंडळी येऊन गेल्यापासून त्याचा भाव वधारला होता. समितीला तो स्मारकाच्या तोंडाशी हवा होता. पण दगडाचा मान धुरपताबाईच्या घराकडं. दिवाळीच्या पाडव्याला पहिला भंडारा त्यांचा, आणि मानकऱ्यानं भंडारा लावून हात दिल्याशिवाय त्याला कुणी हलवायचं नाही, ही रीत. क्रेनवाल्या शिवप्पानं आधीच हात वर केले होते, "मालक, बाईनं हात लावल्याबिगर म्या साखळी टाकणार न्हाय."

सुभेदारांनी चहा घेतला, घसा खाकरला आणि दगड मागितला.

"त्या दगडावर गाई का हायती, ठावं हाय का?" धुरपताबाईनं विचारलं.

"गुरं राखताना मेलेला वीर हाय त्यो."

"मग? त्याला कुणी इचारलं का, बाबा, तू लढाईत मेला का पाय घसरून मेला? हातातलं काम सोडलं न्हाय, म्हणून दगड उभा केला. आन माझ्या लेकराला नियम लावता व्हय?"

"धुरपताबाई, नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा? तुमचा पंचाक्षरी पटकीनं गेला, समद्या गावाला ठावं हाय. ती पटकी काय दुस्मनानं बंदुकीतनं झाडली व्हती?"

सुभेदारांचे कान लाल झाले. "त्यांचं नाव तिथल्या स्मारकावर कोरलेलं हाय. आमी रेकॉर्डला धरून चालतो."

"तर चाला. दगड जाग्यावरच ऱ्हाईल."

धुरपताबाईची सून दैवशाला, कुमारची बायको, उमरग्याच्या एका दवाखान्यात नोकरीला होती. ती संध्याकाळी आली तेव्हा सासूनं तिला कुमारचं ते पान पुन्हा वाचायला लावलं.

"आत्या, किती बार वाचू? तेच लिवलंय."

"वाच. 'कर्तव्यावर' म्हणतंय ना? लबाडी त्या पानाची न्हाय. ते खरं बोलतंय. वाचणाऱ्याचं काळीज आखूड हाय."

सव्वीस जानेवारीला स्मारक उघडलं. तोंडाशी वीरगळासाठी बांधलेला चौथरा मोकळाच राहिला, दात पडल्यासारखा. धुरपताबाईनं दोन शब्द बोलायला माईक मागितला. कार्यक्रमात बसत नाही, असं उत्तर आलं. ती मागं जाऊन लिंबाखाली उभी राहिली. भांडणार म्हणून दैवशालेनं तिचा दंड धरला होता, पण ती भांडली नाही.

सुभेदार एकेक नाव पुकारू लागले. नाव पडलं की गाव ओरडे, "अमर रहे!" शाळेतली पोरं सगळ्यांत पुढं. शेवटचं नाव झालं, घोषणा झाली, सुभेदारांनी कागदाची घडी केली.

आणि लिंबाखालून हाळी आली.

"कुमार सिदू बंडगर!"

माईकचा आवाज तिच्यापुढं कुजबुज वाटावा. आता गावाच्या जिभेला वळण पडलेलं होतं. नाव आलं की उत्तर द्यायचं. कुणी विचार केला नाही, नियम आठवला नाही. अख्खं गाव एका दमात ओरडलं, "अमर रहे!"

मग सगळे एकमेकांकडं बघू लागले. समितीतले दोघंतिघं चडफडले, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? दैवशालेनं दंड सोडला आणि पदरात तोंड घालून रडू लागली. धुरपताबाई रडली नाही. "चल," म्हणाली, "मेंढरं खोळंबलीत."

दुसऱ्या दिवशी सुभेदार पुन्हा तिच्या दारात. आवाज नरम होता. "समितीत बोलणं झालंय. नाव कोरायची तयारी हाय. तुमी तेवढा दगड द्या."

पोटच्या पोराचं नाव. याच एका गोष्टीसाठी ती झुरत होती. 'घ्या' म्हणायचा अवकाश, की काम फत्ते. दारात उभी दैवशाला कान देऊन ऐकत होती.

"म्हंजी बदला करायचा?" धुरपताबाई हळू बोलली, तिच्या हळू बोलण्याचंच जास्त भ्या वाटायचं. "माझं लेकरू काय बाजारातलं मेंढरू हाय, सुभेदार? दगडाच्या बदल्यात कोरलेलं नाव म्या रोज कसं बघू? नाव त्याचं हक्काचं असंल तर तसंच कोरा. नसंल तर ऱ्हाऊ द्या. हाळी द्यायला म्या जित्ती हाय."

सुभेदार उठले. तिनं पाठीमागून विचारलं, "तुमी बी वर बर्फात व्हता म्हणं. काय खायचा तिथं?"

"रोटी. डाळ."

"पीठ तिथंच पिकत व्हतं का?"

सुभेदार दारात थबकले. वळले नाहीत. चप्पल पायात चढवायला त्यांना बराच वेळ लागला. मग निघून गेले.

"आत्या, आलेलं परत धाडलं तुमी," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता.

"भीक परत धाडली," धुरपताबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली.

पंधरा ऑगस्टला ती तयारीनिशी गेली. सकाळी गुळाचा खडा चघळला, घसा साफ केला. चौथरा अजून मोकळाच होता. मेंढरांपायी उशीर झाला, म्हणून गर्दीच्या मागं, त्याच लिंबाखाली जागा मिळाली. नावं पुकारून होत आली. पंचाक्षरीचं झालं, त्यानंतरचीही झाली. धुरपताबाईनं डोईवरचा पदर सावरला, पाय रोवले आणि छाती भरून श्वास घेतला.

"शिपाई कुमार सिदू बंडगर," माईकमधून सुभेदारांचा आवाज आला. "चौकीला रसद नेताना."

दैवशालेनं बोटानं दाखवलं. स्मारकाच्या दगडावर सगळ्यांत खाली नवी, पांढरी अक्षरं होती.

पुकारायला काही उरलंच नव्हतं. छातीत भरून घेतलेला श्वास धुरपताबाईनं उत्तराला लावला. गावाच्या आधी, गावापेक्षा मोठ्यानं ती ओरडली, "अमर रहे!" आणि आजूबाजूच्यांनी कानांवर हात ठेवले.