आधी पुसा, मग बघू

"आधी पुसा, मग बघू." गाडीचं बॉनेट उघडलं की त्यांचं पहिलं वाक्य हे. मागच्या खिशात जुन्या बनियनचा तुकडा असायचा. तो काढून सगळं इंजिन पुसायचे, गाडी फिरवून आणायला सांगायचे, मग खाली पुठ्ठा अंथरून त्यावर पेन्सिलीने तारीख घालायचे. तेल कुठून गळतंय हे दुसऱ्या दिवशी सांगायचे. त्याआधी कितीही विचारा, सांगायचे नाहीत.

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. स्टुटगार्टजवळच्या आमच्या कंपनीत ते कॉन्ट्रॅक्टवर होते. मूळचे नाशिककडचे, पन्नाशीला आलेले. इंजिनाच्या भागांची ड्रॉइंग तपासायचे. मी त्याच विभागात कामांचं वेळापत्रक सांभाळायचे. इतरांना दोन दिवस लागतात त्याला तुम्हाला चार का, हे विचारणं माझं काम.

"ताई, झालं की देतो," ते म्हणायचे. त्यांनी तपासून दिलेलं ड्रॉइंग चूक निघून कधी परत आलं नाही. वेळापत्रकात मात्र त्यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी सगळ्यांना तेच हवे असायचे. इथे आलेला प्रत्येक मराठी इंजिनियर आधी दहा-बारा वर्षांची जुनी गाडी घेतो, आणि तिच्या इंजिनावरच्या झाकणाखालचं रबरी गॅस्केट गळत असतं. आमच्याच विभागात पुण्याचा एक तरुण होता, तोही कॉन्ट्रॅक्टवर. त्याने गळती थांबवायला झाकणाचे बोल्ट आवळले, इतके की एक तुटला.

"काका, दहा मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला.

"झालं की दहा मिनिटांत. तुटला." मग तुटका बोल्ट काढत बसले. "रबर कडक झालंय. बोल्टचा काय दोष?"

त्या हिवाळ्यात मंदी आली आणि कंपनीत कुर्त्सआर्बाइट सुरू झालं, कमी तास आणि कमी पगार. एका गुरुवारी साहेबांनी मला आत बोलावलं. दोन भारतीय कॉन्ट्रॅक्टवर आहेत, एकालाच ठेवता येईल. तुम्ही दोघांबरोबर काम करता, तुमचं मत काय?

मी म्हणाले, "तरुण चपळ आहे. दुसरे आहेत ते काम नीट करतात, पण वेळ लावतात."

"गेनाऊ," अगदी बरोबर, साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं. सोमवारी पत्र देऊ, तोवर बोलू नका.

मी खोटं बोलले नव्हते. पण मला हेही ठाऊक होतं की नोकरी गेली की त्यांचा इथे राहण्याचा परवाना जाणार, आणि मुलीच्या शाळेचं शेवटचं वर्ष अजून उरलं होतं. ती सातवीपासून जर्मनमधून शिकलेली. बाप मराठीत विचारायचा, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

शनिवारी ते माझ्याकडे येणार होते. माझ्या गाडीखालच्या फरशीवर तेलाचा डाग पडला होता आणि इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरने काचेवर चिठ्ठी लावली होती. मंगळवारी गाडीची सरकारी तपासणी. नवं गॅस्केट त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. शुक्रवारी फोन करून नको म्हणता आलं असतं. केला नाही. फोन केला तर गाडी तशीच राहील, हा विचार मी केला होता.

त्यांनी झाकण उचललं. जुनं गॅस्केट वाळलेल्या कुरडईसारखं हातात मोडलं. त्याचे चिकटलेले कण नखाने खरवडले, कडा दोनदा पुसल्या, कोपऱ्यांत सीलंट लावलं आणि खाली बसले.

"आता काय?" मी विचारलं.

"आता चहा. सीलंटला घाई कळत नाही."

चहा घेताना म्हणाले, "मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय. वाढवतील म्हणतात. मुलीचं एक वर्ष निघालं पाहिजे, बाकी काही नाही. तुम्ही काही ऐकलंत का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, उठले आणि बोल्ट लावायला घेतले. मधून बाहेर, प्रत्येक थोडा थोडा, मग पुन्हा पहिल्यापासून. अख्खी दुपार गेली. जाताना गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला, तारीख घातली.

सोमवारी पत्र मिळाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "साहेब म्हणाले, मी वेळ लावतो. खरंच आहे ते." मग म्हणाले, "ताई, हजार किलोमीटर झाले की बोल्ट एकदा बघा. आवळायचे नाहीत. नुसते बघायचे."

ते वाक्य कोणाचं होतं हे साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मार्चअखेर ते, बायको आणि मुलगी, तिघं परत गेली. मुलीला तिकडे पुन्हा अकरावीत बसवलं, असं कळलं. चपळ तरुण सहा महिन्यांत जास्त पगारावर बर्लिनला गेला. त्याने तपासलेली तीन ड्रॉइंग परत आली.

गाडी तपासणीत पास झाली. पुढे चार वर्षं चालवली. पुठ्ठा मी काढला नाही. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन वाकून बघायचे. एखादा तरी थेंब पडलेला असावा असं वाटायचं. पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरातली तारीख होती, बाकी काही नाही.