पहिला पसंतीक्रम

“काका, पिवळे मागे.”

एवढेच ती म्हणाली. वीस-बावीस वर्षांची मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात स्टिकरचा कागद. वाशीच्या एका वातानुकूलित सभागृहात मी आणि माझी नात सायली पहिल्या रांगेत बसलो होतो. अभियांत्रिकी प्रवेशाचे मार्गदर्शन होते. कार्यक्रम अकराचा, आम्ही सव्वादहालाच पोहोचलो. पहिली रांग रिकामी होती म्हणून बसलो. त्याआधी दारात याच मुलीने सायलीला प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल विचारले होते. सायली म्हणाली, चौऱ्याऐंशी. त्यावर तिच्या कुर्त्यावर, डाव्या खांद्याखाली, एक गोल पिवळे स्टिकर चिकटवले गेले. मला वाटले, माणसे मोजण्याची काही पद्धत असेल.

पद्धत होतीच. नव्वदच्या वर हिरवे, खाली पिवळे. हिरव्यांनी पुढे बसायचे.

मी उठलो.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे. मला कोणी दंडाला धरून उठवले नाही. कोणी आवाज चढवला नाही. ‘काका, पिवळे मागे’ या तीन शब्दांवर सदुसष्ट वर्षांचा मी उठलो, पिशवी उचलली आणि नातीला म्हणालो, “चल.” तीही उठली. आम्हाला शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबामागे जागा मिळाली. खुर्च्या तशाच होत्या, गारवा तसाच होता. फक्त पडद्याचा डावा अर्धा भाग दिसत नव्हता.

मी कोण, हे सांगणे क्रमप्राप्त आहे. माझे वडील साताऱ्याकडून आले आणि घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहू लागले. मी त्याच बाजारात तोलणार झालो. माल काट्यावर टाकायचा, वजन पुकारायचे, चिठ्ठी लिहायची, हे माझे काम. नोकरी सांभाळून दोन वर्षे कायद्याच्या सायंकाळच्या वर्गाला बसलो. पदवी राहून गेली, लिहिण्याची सवय मात्र राहिली. बाजारात पिण्याच्या पाण्याचा नळ नव्हता, त्याचा अर्ज मी लिहिला. गोणी पडून एका हमालाचा पाय मोडला, त्याच्या रजेचे पत्र मी लिहिले. सही करणारे बदलत गेले, अक्षर माझेच राहिले. निवृत्तीनंतरही पत्रे थांबली नाहीत. आमच्या जुईनगरच्या सोसायटीत माझ्या नावाची एक वेगळी फाइल आहे आणि तिच्यावरून हसतात, हे मला ठाऊक आहे.

एकदा एक व्यापारी मला म्हणाला, “अरे, गोणीकडे बघून कळत नाही तुला? टाक अंदाजाने.” मी म्हणालो, “काट्यावर टाकल्याशिवाय मी वजन बोलत नाही.” त्याने आठ दिवस त्याच्या गाळ्यावर मला उभे केले नाही. नवव्या दिवशी काटा आणि मी, दोघेही परत तिथेच होतो. ते वाक्य मी आयुष्यभर मिरवले.

आता सभागृह.

मार्गदर्शक पन्नाशीचे, प्रसन्न, कोट घातलेले. पहिला तासभर ते हिरव्यांशी बोलले. नंतर माइक घेऊन मागे आले आणि आमच्या रांगेशी थांबले.

“बेटा, किती?”

“चौऱ्याऐंशी.”

“कुठे जायचंय?”

सायलीने राज्य विद्यापीठाच्या एका विभागाचे नाव सांगितले. अन्न तंत्रज्ञान. लहानपणी ती माझ्यासोबत बाजारात यायची. गाळ्यांमागे सडक्या टोमॅटोंचा ढीग बघून विचारायची, “आजोबा, हे सगळं फेकायचंच असतं का?” बाकीची मुले हा प्रश्न विसरून गेली असती. ती विसरली नाही. बारावीपर्यंत तिने त्याचे उत्तर शोधून ठेवले होते, आणि ते उत्तर दोन जिल्ह्यांपलीकडे, त्या विभागात शिकवले जात होते.

“सरकारी विद्यापीठ?” मार्गदर्शक हसले. “तिथे टॉपर जातात. अ‍ॅव्हरेज मुलांनी गेट बघून यायचं, सेल्फी काढायचा.” पुढच्या रांगा हसल्या. “घरी कोणी इंजिनीअर आहे?”

“नाही.”

“पप्पा काय करतात?”

“उरणला, कंटेनर यार्डात.”

“आणि हे आजोबा?”

मी उभा राहिलो. का उभा राहिलो, ठाऊक नाही. “बाजारात तोलणार होतो.”

“मग बघा, पालकांनो,” ते सभागृहाकडे वळले. “मुलगी अ‍ॅव्हरेज आहे, यात तिचा काय दोष? घरच अ‍ॅव्हरेज आहे. स्वतःची लेव्हल ओळखली, की टेन्शन संपलं.”

माणसे हसली. दुष्टपणे नाही, एखाद्या घरगुती विनोदाला हसतात तशी. मी खाली बसलो. राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही.

नंतर त्यांनी पडद्यावर पर्यायअर्ज दाखवला. प्रवेशासाठी मुलांनी महाविद्यालयांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. मार्गदर्शक म्हणाले, पिवळ्यांनी जिथे नक्की मिळणार तेच नाव पहिले टाकावे; वर मोठी नावे टाकली, तर सिस्टीम तुम्हाला बाजूला काढते.

हे असत्य होते. आणि ते असत्य आहे, हे मला त्या क्षणी ठाऊक होते.

माझ्या पिशवीत नियमपुस्तिका होती. मी ती घरी दोनदा वाचली होती, पेन्सिलने खुणा केल्या होत्या. नियम साधा आहे. पहिले नाव मिळाले नाही तर यंत्रणा दुसरे बघते, ते नाही तर तिसरे. वर लिहिल्याने खालचे काहीही जात नाही. उलट, पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचे नाव मिळाले, तर ते घ्यावेच लागते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणजे धोका वर लिहिण्यात नाही. धोका भीतीने खालचे नाव वर लिहिण्यात आहे. हे सगळे माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. मी चेन उघडली नाही.

आठवड्याने पर्यायअर्ज भरायचा होता. मुलाला फोन केला. यार्डात मागे क्रेनचा आवाज चालू होता. तो म्हणाला, “अण्णा, तुमी बघा ना. कागदाचं तुमाला कळतं. मी काय सांगनार?”

दुपारी तीनच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर सायली लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी.

“आजोबा, विद्यापीठाचं वर टाकूया का? तुम्हीच तर सांगितलं होतं, वर टाकलं तर काही जात नाही.”

मी म्हणालो, “आपण आपली पायरी ओळखावी. उगाच कशाला?”

मार्गदर्शकांनी सांगितलेले खासगी महाविद्यालय, संगणक शाखा, पहिल्या ओळीत गेले. विद्यापीठ दुसऱ्या ओळीत. सायलीने माझ्याकडे एकदा बघितले. वाद घातला नाही. तिला वाटले, आजोबांना कायदा कळतो.

पहिल्या फेरीत पहिले नाव मिळाले. दार बंद झाले.

चार दिवसांनी सायलीने फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. “हे बघा.” कोणत्या ठिकाणी शेवटची जागा किती पर्सेंटाइलला भरली, त्याची यादी होती. त्या विभागाची, त्या शाखेची, तिच्या प्रवर्गातली शेवटची जागा पहिल्याच फेरीत एकोणऐंशीला भरली होती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. एकोणऐंशी.

“मिळालं असतं,” ती म्हणाली. मग कुकर लावायला आत गेली.

मी पत्रे लिहिली. मला तेवढेच येते. पहिले मार्गदर्शकांना, पोचपावतीसह. त्याचे उत्तर मोबाइलवर आले, शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र: “काका, चॉइस तर तुमचीच होती ना.” दुसरे पत्र प्रवेश यंत्रणेला, चार पाने, सहा मुद्दे, सोबत नियमाची प्रत. तिथून दोन ओळी आल्या. उमेदवाराने पसंतीक्रम स्वतः निश्चित केलेला असल्याने विनंती मान्य करता येत नाही.

उत्तर कायद्याने अचूक होते. त्यात एकही शब्द मी बदलू शकलो नसतो. मी तिसरे पत्र लिहायला बसलो. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि प्रतिवादीच्या जागेपाशी पेन थांबले. कोणाचे नाव लिहायचे? स्टिकर लावणारी मुलगी? ती नोकरी करत होती. मार्गदर्शक? त्यांनी माझ्या नातीला न तोलता तिचे वजन पुकारले, हे खरे. पण बाजारात असे पुकारणारे मला रोज भेटत. त्यांचे पुकारलेले मी चिठ्ठीवर लिहीत नसे. इथे मी लिहिले. ‘आपली पायरी ओळखावी’ हे वाक्य त्या सभागृहात कोणीही उच्चारले नव्हते. ते माझे होते. कधीतरी कोणीतरी माझ्या वडिलांना दिलेले, वडिलांनी मला दिलेले, आणि मी टेबलावर बसून, पंख्याखाली, शांतपणे नातीच्या हातात ठेवलेले.

त्या जागी मी स्वतःचे नाव लिहिले. कागद फाइलला लावला.

सायली आता रोज खांदेश्वरच्या पुढच्या त्या महाविद्यालयात जाते. नापास झालेली नाही. रडलेली नाही. घरात एखादा टोमॅटो नासला, तर ती तो न बोलता कचऱ्यात टाकते.

या वर्षी आमच्या लिफ्टमध्ये सूचना लागली. तेच मार्गदर्शक, सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी. मी कमिटीला पत्र दिले, नियमाची प्रत जोडून. अध्यक्ष म्हणाले, “काका, तुमची फाइल आता दोन माणसांनी उचलावी लागते.” आणि हसले. सूचना तशीच राहिली.

रविवारी मी सर्वांच्या आधी गेलो. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसलो. माझ्या शेजारी आमच्या इमारतीखाली इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या बाई आणि त्यांची मुलगी येऊन बसल्या. मुलीच्या खांद्याखाली पिवळे स्टिकर. थोड्या वेळाने गळ्यात ओळखपत्र असलेला एक तरुण आला.

“ताई, पिवळे मागे.”

बाई अर्ध्या उठल्या. मी म्हणालो, “ताई, बसा.”

त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलगी उठलेलीच नव्हती. मग त्याही बसल्या.

मार्गदर्शक स्वतः आले. त्यांनी मला ओळखले नाही. “काका, यंदा तुमचं कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग प्लीज, मुलांना जागा द्या. मागे बसा ना.”

“नाही.”

“प्रॉब्लेम काय आहे?”

मी पिशवीची चेन उघडली. पुस्तिका काढली, उभा राहिलो, सभागृहाकडे तोंड केले आणि तो नियम वाचला. सावकाश, एकदा मूळ भाषेत, एकदा साध्या शब्दांत. मग मार्गदर्शकांना म्हणालो, “वर लिहिल्याने मुलाचे नुकसान होते, असे आपण सांगता. ते कोणत्या नियमाने, तेवढे दाखवा.”

ते पाणी प्यायले. “काका, प्रॅक्टिकल वेगळं असतं.”

मागून कोणीतरी ओरडले, “ओ काका, तुमच्या नातीचं फिसकटलं म्हणून आमच्या पोरांवर प्रयोग नका करू!”

“फिसकटलं नाही,” मी म्हणालो. “मी फिसकटवलं. हा नियम माझ्या पिशवीत होता आणि मी गप्प बसलो. म्हणून आज बोलतो आहे.”

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले, सोसायटीचे वातावरण बिघडते आहे. दोघे-तिघे पालक उठून गेले. कार्यक्रम पुढे चालू झाला, हिरव्यांपासूनच. मी शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून राहिलो. इस्त्रीवाल्या ताई आणि त्यांची मुलगीही.

घरी आलो तर सायलीला आधीच कळले होते.

“बी विंगच्या काकू सांगत होत्या. तुम्ही उठलातच नाही म्हणे.”

“नाही उठलो.”

“मागच्या वर्षी का नाही बसून राहिलात, आजोबा?”

ती उत्तरासाठी थांबली. मग हात धुवायला गेली. तो प्रश्न मी इथे जसाच्या तसा नोंदवतो, कारण त्याला माझ्याकडे बचाव नाही, आणि तो मी तयारही करणार नाही.

काल इस्त्रीच्या दुकानातली मुलगी पर्यायअर्ज घेऊन आली. मी तिला गुण विचारले नाहीत. म्हणालो, जे सगळ्यात जास्त हवे आहे ते पहिल्या ओळीत लिही. नाही म्हणण्याचे काम त्यांचे आहे. ते त्यांना करू दे. त्यांच्या वतीने आपण ते करून द्यायचे नाही. तिने पहिल्या ओळीत राज्य विद्यापीठ लिहिले. सायली आतल्या दारात उभी राहून बघत होती.

“मिळेल का हो, आजोबा?” मुलीने विचारले.

“काट्यावर टाकल्याशिवाय मी बोलत नाही.”

हे वाक्य मागच्या वर्षीही माझ्याजवळ होते. मी ते ज्या एका दिवशी वापरायला हवे होते, त्या दिवशी वापरले नाही. ती जागा गेली, ती आता कोणत्याही पत्राने परत येत नाही. पण यापुढे या शहरात जिथे मुलांना रंग लावून मागे पाठवतील, त्या प्रत्येक सभागृहात मी वेळेआधी जाईन आणि पुढे बसेन. कोणाला मला उठवायचे असेल, तर उचलून न्यावे लागेल. माझे वजन बासष्ट किलो आहे. काट्यावर पाहिलेले आहे.