पत्र्यापलीकडचं आमीन

मंडळी, आज गोवंडीच्या आमच्या शिवणवर्गाला एकही बाई आली नाही. गल्लीत लग्न होतं. सोबत शिकवणारी मेरीताई वसईला राहायला गेली, तेव्हापासून शिकवायला मी एकटीच जाते.

वर्ग प्रार्थनेनेच सुरू करायचा, ही आमची सवय. रिकाम्या खोलीत कशाला, असं वाटलं, तरी डोळे मिटले आणि मोठ्याने प्रभूशी भांडलेच. "दोघं-तिघं तुझ्या नावाने जमले की तू त्यांच्यात येतोस, असं तूच म्हणालास ना? मग एकटीने काय करायचं? कंटाळले मी!" आणि रागातच डोळे उघडले. आमेन राहूनच गेलं.

तेवढ्यात पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून आलं, "आमीन."

शेजारच्या शकीलाआपा. अंथरुणाला खिळल्यात, म्हणून वर्गाला कधी आल्या नाहीत. म्हणाल्या, "मैं तो हर हफ्ते बोलती हूँ, बेटा. तुम सबकी आवाज में दब जाता है."

दर आठवड्याला! आणि मला पत्ताच नाही.

आत्ता मुलुंडला घरी आहे. इथे भिंती पक्क्या. जेवणाआधी मुद्दाम मोठ्याने प्रार्थना केली आणि आमेनपाशी थांबून राहिले. पलीकडून काहीच आलं नाही.

तुमच्याकडे येतं का रे कुणाचं?