चार बोटं वरचा टप

कारखान्यात त्याला सगळे वारामिस्त्री म्हणत. आयुष्यभर त्यानं बसगाड्यांना पत्रे ठोकले, पण डोक्यात कायम वारा. चौकोनी तोंडाची गाडी दिसली की हळहळायचा, "बिचारी दिवसभर भिंत ढकलत चाललीय."

निवृत्त झाल्यावर त्यानं एका जुन्या व्हॅनचं फिरतं घर करायला घेतलं. लग्नाच्या वर्षी बायकोला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता, तो अजून तसाच होता.

तिनं जुना लाल स्वेटर उसवून दिला. त्याचे वीतभर धागे त्यानं गाडीभर चिकटवले. तो गाडी पळवायचा आणि ती रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून बघायची. धागे पत्र्यावर निजले तर वारा सुरळीत. नाचले तर तिथं वारा अडतोय, म्हणजे डिझेल जातंय. बघता बघता तिची तंद्री लागायची. धागे पाण्याखालच्या शेवाळासारखे हलायचे आणि तिला वाटायचं, समुद्र इथंच आलाय.

त्यानं नाक गोल केलं, कोपरे घासले, छताचा टप खाली घेतला. मापाला टेप वापरणं त्याला कमीपणाचं वाटे. आत उभा राहून स्वतःच्या डोक्यावर चार बोटं ठेवली आणि खूण केली. सगळे धागे निजले. मिस्त्री हवेत!

मग ती किटली घेऊन आत आली आणि मान वाकवून शेगडीपाशी उभी राहिली. ती त्याच्याहून चांगली वीतभर उंच होती.

"अगं, मान दुखेल."

"चालेल हो. सवय आहे मला," ती हसत म्हणाली.

त्याला घरचा ओटा आठवला, माळ्याखालचं दार आठवलं. सगळं त्याच्याच हातचं, त्याच्याच मापाचं. लग्नाच्या फोटोत दोघं सारख्या उंचीची दिसत. ती गुडघे वाकवून उभी होती, हे तो विसरूनच गेला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यानं टप कापून काढला आणि तिला आत बोलावलं.

"सरळ उभी राहा."

"अहो, एवढा उंच टप? डिझेल किती पिईल!"

"पिऊ दे. वाटेत एकदा जास्त भरू. गुडघे सरळ कर."

वर आता मोकळं आभाळ होतं. ती हळूहळू ताठ झाली. त्यानं तिचं ते स्टूल ओढलं, वर चढला, तिच्या डोक्यावर चार बोटं ठेवली आणि तिथं खूण केली.